पूर्वेकडचा गोल

इंदापूर, २ फेब्रुवारी १९९६

ती. दत्तोबाकाकांस, शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. नगरपालिकेच्या फुटबॉल स्टेडियमचं काम इंजिनिअर म्हणून माझ्याकडे आलंय. जुन्या पायऱ्या पाडून नवी गॅलरी होईल आणि पूर्व-पश्चिम गोल उत्तर-दक्षिण फिरवायचे, असं नकाशात आहे. गावकरी मात्र अडून बसलेत, महिनाअखेरीस सभा आहे. तुमच्या संघातले गेणबाकाका म्हणतात, पहिल्यापासून हाय ते चुकीचं कसं हुईल? तुम्ही तिथले जुने गोलकीपर. हे गोल असे कुणी रोवले? जुनी फाइल सापडत नाही.

आणि हो, कुणाच्या हातून चेंडू सुटला की इथं अजून म्हणतात, दत्तोबा झाला! रागावू नका. लीलाकाकूंना नमस्कार. लोभ आहेच, वाढू द्या.

आपली पुतणी,
राजेश्वरी

बारामती, ११ फेब्रुवारी १९९६

चि. राजेश्वरीस अ. आ.

रागावलो होतो, म्हणून उत्तराला उशीर.

गोल तुझ्या आजोबांनी, आप्पांनी रोवले. १९५९ साली पालिकेनं जागा सपाट केली, तेव्हा आखणी त्यांच्याकडे होती. फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. घराचं दार पूर्वेला ठेवतात, तसं त्यांनी मैदान पूर्वेला तोंड करून आखलं आणि नारळ फोडला. कुणाला वावगं वाटलं नाही.

सामने एरवी सकाळी होत. १९६७ची फायनल बारामतीशी होती. पाहुणे उशिरा आले, खेळ संध्याकाळवर गेला. मी पूर्वेच्या गोलात, समोर मावळतीचं ऊन. शेवटचा चेंडू मला दिसलाच नाही, गोल झाला आणि आम्ही हरलो. आमचाच गेणबा सगळ्यांत आधी ओरडला, की ह्यानं सासुरवाडीला गोल आहेर दिला. तुझी काकू बारामतीची, लोकांना लगेच पटलं. उन्हाचं सांगितलं असतं तर बोल आप्पांवर आला असता. गप्प राहिलो, इकडे नोकरी धरली, त्या मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. फार लागलं होतं गं.

सभेत आप्पांचं नाव काढू नकोस. तब्येतीला जप, माया आहेच.

तुझा काका,
दत्तोबा

इंदापूर, ४ मार्च १९९६

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

आप्पांचं नाव काढलं नाही. सभाच मैदानावर घेतली, संध्याकाळी साडेपाचला. गेणबाकाकांना पूर्वेच्या गोलात उभं केलं आणि खेळाडूंना लांबून चेंडू मारायला सांगितलं. पाचपैकी चार आत गेले, पाचवा त्यांच्या पोटावर बसला. डोळ्यांवर हात धरून ते म्हणाले, हितनं काय बी दिसत न्हाय.  मग खांब धरून सगळ्यांसमोर म्हणाले, दत्तोबाला आमी उगाच बोललो.

गोल फिरवायचा ठराव झाला. दिवाळीनंतर उद्घाटन. पहिला चेंडू गेणबाकाका मारणार, गोलात तुम्ही हवेत असं तेच म्हणतात. याल ना? गोल फिरल्यावर ऊन डोळ्यांत येणार नाही, तरी संध्याकाळ नकोशी वाटत असेल तर सकाळची वेळ ठेवू का? उत्तराची वाट पाहते, आशीर्वाद असू द्या.

राजेश्वरी

बारामती, ९ मार्च १९९६

चि. राजेश्वरीस अ. आ.

तुझं पत्र काकूनं दोनदा वाचायला लावलं. नंतर डोळे पुसून म्हणाली, आता रोज चालायला जा, पोट सुटलंय.

येतो. गेणबाला सांग, म्हातारा समजून हळू मारू नकोस. पण सकाळ नको. संध्याकाळी साडेपाचलाच ठेव. मला तो चेंडू येताना बघायचाय.

तुझा काका,
दत्तोबा