वाहन आत आहे

२ ऑक्टोबर, दसरा
आलो एकदाचे! कराडहून टेम्पो सकाळी पोचला आणि दुपारपर्यंत गॅस, फ्रिज आणि आईचे देव आपापल्या जागी लागले. बाळकुमचा हा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीत उभं राहिलं की दोन इमारतींच्या फटीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. आईला मी तो तीनदा दाखवला. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तरी "दिसतंय, दिसतंय" म्हणून तिने माझं समाधान केलं.

शेजारच्या जयाताई आपट्याची पानं आणि वाटीभर श्रीखंड घेऊन आल्या. बाळकुम गाव होतं तेव्हापासूनच्या त्या इथल्या. आईला त्यांनी पहिल्या भेटीतच 'मावशी' करून टाकलं. सोमवारी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायचंय. खाली बेसमेंटमध्ये गाडीला स्वतःची जागा आहे, नंबर टाकलेली. झेंडूचा हार घातलेली गाडी मी उगाचच दोनदा जाऊन बघून आले.

११ ऑक्टोबर
आईचं ऑपरेशन छान झालं. अर्ध्या तासात बाहेर आली, डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि पहिला प्रश्न, चहा कधी मिळेल.

दवाखान्यामागे पत्र्यांनी वेढलेला एक मोकळा प्लॉट आहे. तिथे खासगी पार्किंग चालतं. खांबावर कॅमेरा, खाली भलामोठा निळा बोर्ड, आणि टपरीएवढ्या केबिनमध्ये नाथा नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसतात. पूर्वी मिठागरात कामाला होते म्हणे. गाडी तिथेच लावली; आत शिरताना त्यांनी गाडीचा आणि माझ्या मोबाईलचा नंबर लिहून घेतला.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. आईला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि लक्षात आलं की डोळ्यांत घालायचे थेंब मेडिकलच्या काउंटरवरच राहिले. धूळ नको म्हणून काचा बंद ठेवून मी धावत गेले. तिथे ही रांग! वीस मिनिटं गेली. परत आले तर आई घामाने निथळत होती, तळवा काचेला टेकवलेला. "किती वेळ लावलास गं कल्पे," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मला इतकी लाज वाटली की गाडी तशीच बाहेर काढली. केबिनमध्ये कोणी नव्हतं, वाट अडवायचा दोर खाली पडलेला. पैसे दिले नाहीत, पावती घेतलीच नाही.

१३ ऑक्टोबर
मोबाईलवर पार्किंगवाल्यांचा मेसेज. माझी गाडी अठ्ठेचाळीस तास त्यांच्या प्लॉटमध्ये आहे आणि शुल्क वाढत चाललंय. शेवटी लिहिलेलं, 'वाहन आत आहे.' सोबत कॅमेऱ्याचा फोटो. गाडी माझीच, हारासकट. पुढच्या सीटवर आई, हिरवी पट्टी. शनिवारचाच फोटो असणार, तारीख फक्त आजची टाकलीय.

मी उलट लिहिलं की गाडी माझ्या इमारतीखाली उभी आहे, हा घ्या फोटो. उत्तर नाही.

१६ ऑक्टोबर
रोज एक मेसेज, रोज एक फोटो. आज कॉलेजातून सुटल्यावर जाऊन बोर्ड नीट वाचला. त्यावर परवाना क्रमांक नाही, मालकाचं नाव नाही, पत्ता नाही. असा बोर्ड आणि कॅमेरा लावायला महापालिकेची परवानगी लागते एवढं मलाही कळतं. प्रभाग कार्यालयात तक्रार दिली आणि माहितीच्या अधिकारात अर्जही टाकला. तिथले कमलेश नावाचे तरुण इंजिनीअर आस्थेने बोलले. अशी बरीच प्रकरणं आहेत मॅडम, म्हणाले, पण लढत कोणी नाही, लोक भरून मोकळे होतात.

मी लढणार.

नाथा सगळं ऐकत असावेत. निघताना जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पैसं भर नी पावती घे, बाय. पावतीबिगर आतला भायेर येत नाय." धमकी आहे का विचारलं, तर मान हलवून परत जाऊन बसले. दम देणाऱ्याचा चेहरा नव्हता तो.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. आईची पट्टी निघून बरेच दिवस झाले, नजर लख्ख आहे. पण ती फार पाणी पिते. पंखा पाचवर असतो, खिडक्या सताड उघड्या, तरी म्हणते कोंडतंय. आज जेवताना म्हणाली, "काच जरा खाली कर गं." मी विचारलं, कुठली काच? तिने वरणाची वाटी पुढे ओढली.

३१ ऑक्टोबर
फोटो मी आजवर नीट बघत नव्हते. आज ओळीने लावून पाहिले.

हार सुकत गेलाय. गाडीचा हार मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीच काढून टाकलेला. फोटोत तो अजून आहे, काळा पडलेला. आणि आईच्या डोळ्यावर पट्टी तशीच. पहिल्या फोटोत ती समोर बघतेय. दहाव्यात मान कलली आहे. आजच्यात तिने दोन्ही तळवे काचेला टेकवलेत आणि तोंड उघडं आहे.

कोणीतरी फोटो बनवतंय. हल्ली काय वाटेल ते बनवता येतं. दुसरं काय असणार?

४ नोव्हेंबर
आईला आंघोळ घालताना दिसलं. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत लाल वळ, चार बोटं रुंद. गाडीचा पट्टा बसतो तसा. दुखतं का विचारलं. म्हणाली, "काढ की आता तो. किती आवळलास."

डॉक्टर म्हणाले ॲलर्जी असेल, आणि अंगातलं पाणी खूप कमी झालंय. ती दिवसाला चार लिटर पिते असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

मी पार्किंगवाल्यांची लिंक उघडली. पैसे भरायचं बटण समोर होतं. अंगठा नेला आणि थांबले. भरले तर मी मान्य केलं असं होईल. गाडी तिथे नव्हतीच! आठवडाभरात माहिती अधिकाराचं उत्तर येईल. तेवढं थांबू.

१० नोव्हेंबर
उत्तर आलं. त्या प्लॉटवर वाहनतळ, बोर्ड, कॅमेरा, कशालाच परवानगी दिलेली नाही. कमलेशनी फोन करून अभिनंदन केलं. गुरुवारी पथक येऊन सगळं उखडणार.

जिंकले मी. आईला सांगितलं. ती झोपेत बोलावं तसं म्हणाली, "मग येतेस ना मला घ्यायला?"

१३ नोव्हेंबर
सुट्टी काढून गेले. गॅस कटरने खांब पाडला. बोर्ड ट्रकमध्ये गेला, केबिनही उचलली. कॅमेरा खाली आला तेव्हा कमलेशनी मला बोलावून दाखवला. आत काही नव्हतं. नुसतं खोकं आणि काच, खाली लोंबणारी वायर खांबातच संपलेली. लोकांना घाबरवायला लावतात असे, ते हसून म्हणाले.

मग फोटो कोण—

नाथा रस्त्यापलीकडे पिशवी घेऊन उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता पावती कोन देल, बाय?" एवढंच म्हणाले आणि चालू लागले. मी हाक मारली. थांबले नाहीत.

प्लॉटचं तोंड पत्रा ठोकून बंद केलं.

१४ नोव्हेंबर
मेसेज आलाय. 'वाहन आत आहे.' फोटो आहे. त्याच उंचीवरून, जिथे आता खांब नाही.

लिंक उघडत नाही. दिवसभर प्रयत्न केला. त्या नंबरवर लिहिलं, मी भरते, सगळे भरते, दुप्पट घ्या. मेसेज पोचतच नाही.

१६ नोव्हेंबर
कमलेशना फोन केला, केबिन परत ठेवा म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाले, मॅडम, तुम्ही थोडा आराम करा.

नाथांचा पत्ता कोणालाच माहीत नाही. जयाताईंनी गावात सगळीकडे विचारलं.

१७ नोव्हेंबर
आईला ॲडमिट केलं. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढतात, अंगात काही टिकत नाही. जीभ कोरडी खडखडीत. हात वर करून हवेत टेकवते, तळवे सपाट होतात. खरोखर सपाट. कशावर तरी दाबल्यासारखे.

भरायला हवे होते. त्या दिवशी अंगठा टेकवायला हवा होता.

१८ नोव्हेंबर
बोलत नाही. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना कळवा.

आजच्या फोटोत तिचे हात काचेवर नाहीत. खाली पडलेत.

१९ नोव्हेंबर, सकाळ
जयाताईंना आईपाशी बसवलंय. रिक्षाने जाते. गाडी बेसमेंटमध्येच आहे, निघताना हात लावून खात्री केली. ही वही पर्समध्ये घेतेय. काही झालं तर—

१९, दुपारी सव्वाबारा
पत्रा वाकवून आत आले. भर ऊन.

गाडी आहे. माझी गाडी. नंबर, सुकलेला हार, सगळं. आणि आई.

दार उघडलं. आतली वाफ तोंडावर आली. ती जिवंत आहे. डोळा उघडला, म्हणाली, "आलीस?" पट्टा सुटत नव्हता. पलीकडून जोर लावावा म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दार उघडंच ठेवलेलं. दोन्ही हातांनी खेचला आणि सुटला—

जयाताईंचा फोन. ओरडत होत्या आनंदाने. मावशी उठून बसल्या, चहा मागतायत, कल्पी कुठेय विचारतायत! मी म्हटलं मी इथेच, येते, लगेच येते. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या. मागून आईचा आवाज आला, खणखणीत. मी जिवाच्या आकांताने ओरडले. फोन त्यांनीच ठेवला.

शेजारची सीट रिकामी आहे.

दार लागलंय. मी लावलं नाही. लॉक हलत नाही.

फोन लागत नाही आता.

एक वाजला असेल. पत्र्याच्या फटीतून रस्ता दिसतो. माणसं जातायत. एक बाई थांबली, इकडे बघितलं, मी काचेवर मुठी आपटल्या. तिने पदर सारखा केला आणि गेली.

आई चहा प्यायली असेल. ती बरी आहे. बरी आहे ती.

पट्टा. मी लावला नव्हता— खांद्यावर— आवळतोय—

अक्षर नीट येत नाही, घामाने कागद ओला. जयाताई, ही वही कोणाला मिळाली तर आईला इथे आणू नका. तिला सांगा मी कामासाठी बाहेरगावी. ती शोधत येईल, तिला येऊ देऊ न