बाबा उपग्रहाला सापडले

प्रिय ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार, आणि दाजींना त्याहून थोडं जास्त वाकून.

तुझी कंबर आता कशी आहे? आईची सर्दी गेली आणि मला आली, म्हणजे घरातली वस्तू घरातच राहिली. पण प्रकृतीचं नंतर बोलू. जे घडलंय ते सांगितल्याशिवाय मला बसवत नाहीये (हे पत्रही उभ्यानेच लिहितोय).

ओढ्याकाठचं शेत मी कार्बन शेतीत घातलं, हे तुला आईने सांगितलंच असेल. म्हणजे नांगरायचं नाही, कापणीनंतरची धाटं जाळायची नाहीत, जमीन उघडी ठेवायची नाही. पिकांनी हवेतून ओढलेला कार्बन मातीतच मुरू द्यायचा. आपण शब्द पाळतो की नाही, हे आकाशातून उपग्रह बघतो आणि फोनवर कळवतो. बाबा एवढंच म्हणाले, "न नांगरलेलं शेत म्हणजे न विंचरलेलं डोकं. लोक हसतील." तेव्हापासून माझ्याशी अबोला. एकाच टेबलाशी बसून आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, मीठ सरकव." (मीठ त्यांच्याच कोपराशी असायचं. आई ते बोलून दाखवायची, मग तिच्याशीही अबोला.)

गेल्या आठवड्यात नाश्त्याला बसलो आणि फोनवर संदेश आला: शेताच्या पूर्व बाजूस नांगरणीची खूण दिसते, खुलासा करावा. ताई, माझं टाळकंच सरकलं! प्रकल्पाकडून माती तपासणाऱ्या बाई आहेत, त्यांना तिथल्या तिथे फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. तुमच्या उपग्रहाला मोतीबिंदू झालाय, ढगाची सावली बघून नांगर म्हणतोय, आमच्या घरात दिलेला शब्द कोणी मोडत नाही, वडिलांची शपथ घेऊन सांगतो! इकडे वडील मान खाली घालून पावाचा एकच घास केव्हाचे चावत होते. शेवटी आईच म्हणाली, "अहो, पोरगा तुमची शपथ घेतोय. जिवावर बेतेल. बोला काहीतरी."

बाबा उठले, पायात चपला सरकवल्या आणि चालू लागले. मी फोन हातात धरून मागे. शेताच्या पूर्व कडेला पेंढ्याची लांबलचक गादी अंथरलेली, कडा नीट दुमडलेल्या (पेंढाही दुमडता येतो, हे तेव्हा कळलं). बाबांनी एक कोपरा उचलला. खाली नांगरलेला पट्टा, अर्ध्यातच सोडलेला.

"मी बाहेरगावी होतो तेव्हा?"

"हो."

"मग अर्ध्यात का थांबलात?"

बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी बोटांनी एक ढेकूळ फोडलं. आत गांडुळं, ही एवढी! "लहानपणी गळाला लावायला इथूनच न्यायचो," ते म्हणाले. "मग दिसेनाशीच झाली. परवा फाळ लागला आणि माती नुसती वळवळली. माझ्याच्याने पुढे जाववेना रे." ट्रॅक्टर बंद करून त्यांनी उघडी पडलेली गांडुळं हाताने मातीत सरकवली होती आणि वर पेंढा पांघरला होता. इतक्या महिन्यांत माझ्याशी थेट बोलले ते हे. मला रडू फुटलं (सर्दीवर ढकललं).

फोन चालूच होता! बाबांनी तो माझ्याकडून घेतला आणि आभाळाकडे तोंड करून ओरडले, "बाई, तुमचं यंत्र खरं बोलतंय. नांगर मी घातला. पोराला बोल लावू नका."

दुसऱ्या दिवशी बाई लांब नळी घेऊन आल्या, मातीचा नमुना काढला आणि प्रकल्पातून तेवढा पट्टा वगळला. बाकीचं शेत राहिलं! राहिलं, ताई! आता बाबा रोज सकाळी विचारतात, "काय म्हणतोय वरचा?" शेतात जाताना धुतलेला सदरा घालतात. आभाळ भरलं की बेचैन होतात, कारण मग त्याला आपण दिसत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबा आज सकाळच्या बसने तुझ्याकडे निघालेत, दाजींना कार्बन शेती शिकवायला. बाईंची नळी सोबत आहे (दिली की उचलली, विचारू नकोस). टपालाच्या आधी तेच पोहोचतील, म्हणून या पत्राचा फोटो काढून पाठवतोय.

ता. क. २: खरं काम हे, की दाजींनी नवाकोरा नांगर घेतलाय ना, तो कुठेतरी लपव.

ता. क. ३: लपवायचं राहू दे. आत्ताच बाबांचा फोन आला. तुमच्या शेतात दाजी नांगरताना दिसले, म्हणून थांबा नसताना बस थांबवून ते उतरलेत. ताई, वाचत काय बसलीस? धाव!