जुलियाना नदी ओलांडते

मी, स्नेहलता विश्राम टिपणीस, वय वर्षे पंचाहत्तर, राहणार कारेलीबाग, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही, पण काय लिहिते आहे ते पुरते कळते. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भरीस पाडलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्या वेळी मी फार समजूतदार होते.

कलम १. कारेलीबागेतील राहते घर माझा मुलगा धवल याला मिळावे. तो वाघोडियाच्या कारखान्यात मॅनेजर आहे. घराबरोबर दर्शनी खोलीतील काचेचे कपाट आणि त्यातील माझे दिवंगत पती प्रा. विश्राम टिपणीस यांची सर्व सन्मानचिन्हेही त्याचीच. ती मी एकतीस वर्षे पुसली, पुढे त्याने पुसावीत.

कलम २. बँकेतील शिल्लक व माझा पोर्तुगीज शब्दकोश माझी भाची शर्वरी हिला द्यावा.

शब्दकोशाबद्दल सांगायला हवे. गोवा, दमण, दीव भारतात आल्यावर माझ्या वडिलांची बदली दमणला झाली. शेजारच्या म्हाताऱ्या शिक्षिकेने मला पोर्तुगीज शिकवले. पुढे नोकरीला लागल्यावर मी सुट्ट्यांत तिथे जाऊन जुने दस्त वाचू लागले. एका दस्तात दोनशे वर्षांपूर्वी मोझांबिकहून आणलेल्या एका मुलीच्या विक्रीची नोंद होती. नाव जुलियाना, दात चांगले, स्वभाव शांत. एवढेच. या दोन ओळींवरून मी नऊ वर्षे कादंबरी लिहिली. पहाटे पाच ते सात लिहायचे आणि मग डबे करून रेल्वेच्या कचेरीत जायचे.

माझ्या कादंबरीत जकातीवरचा कारकून आंतोनियू जुलियानाला विकत घेतो. त्याचे तिच्यावर खरेच प्रेम असते. तिला मोकळी करण्याचा कागदही तो लिहितो, पण सही करत नाही. सही केली तर ती जाईल, ही भीती. शेवटी तो मृत्युपत्रात लिहितो, ‘मी गेल्यावर तू मोकळी आहेस.’ तो मरतो. जुलियाना त्याच्या दफनालाही थांबत नाही. ती होडीत बसून दमणगंगा ओलांडते आणि मागे वळून बघत नाही.

कलम ३. हे कलम वाटणीचे नाही, तक्रारीचे आहे. वकिलांनी ते गाळायला सांगितले होते.

विश्राम कॉलेजात मराठी शिकवत. वह्या वाचून ते म्हणाले, “स्नेहल, रेल्वेतल्या बाईचं पुस्तक कोण छापणार? पहिली आवृत्ती माझ्या नावावर जाऊ दे. दुसरीत तुझं नाव घालू.” मी हो म्हटले. हा दोष माझा.

पुस्तक आले, पुरस्कार मिळाला. दुसऱ्या आवृत्तीत माझे नाव खरेच आले, अर्पणपत्रिकेत. ‘पत्नी स्नेहलता हिस, जिने हे हस्तलिखित पुन्हा पुन्हा उतरवून काढले.’ त्या एका ओळीने माझ्या अक्षरातल्या अकरा वह्या नक्कल ठरल्या.

त्याहून मोठा घाव शेवटच्या प्रकरणाचा. ते मला न सांगता बदलले गेले. छापील पुस्तकात जुलियाना आंतोनियूच्या थडग्यावर डोके ठेवून प्राण सोडते. वाचक रडले. ‘दमणगंगेपलीकडे’ हे नाव मात्र बदलायचे राहून गेले. नायिका नदी ओलांडतच नाही, हे इतक्या वर्षांत एकाही परीक्षकाच्या ध्यानात आले नाही.

मी विचारले, तर विश्राम म्हणाले, “इतकी कृतघ्न बाई वाचकांना रुचत नाही गं.”

सहा वर्षांपूर्वी ते गेले. माझ्या नावाचे बंद पाकीट निघाले. माझा चष्मा सापडेना, म्हणून धवलने वाचून दाखवले. “ती कादंबरी तुझीच होती. मी असेपर्यंत सांगवलं नाही. आता तू मोकळी आहेस.”

माझेच वाक्य त्यांनी माझ्यावर वापरले. मला रडू आले नाही. मी हात पुढे केला, पण धवलने पत्र घडी करून खिशात घातले.

“जाऊ दे ने, आई. बाबांचं नाव जाईल. आता तुला काय करायचंय?”

ते पत्र मला परत मिळाले नाही.

कलम ४. सदर पत्र माझी मिळकत आहे. ते मी धवललाच देत आहे. त्याने ते फाडले नसेल, तर अधूनमधून वाचावे.

कलम ५. अकरा वह्यांबद्दल या मृत्युपत्रात कोणतीही तरतूद नाही. आपण गेल्यावर दुसऱ्याला मोकळे करणारी दोन माणसे मी पाहिली, एक लिहिले आणि एकाशी संसार केला. मला तिसरे व्हायचे नाही. वह्या व छापण्याचा लेखी हक्क मी काल दुपारी शर्वरीच्या हातात दिला. पुस्तक माझ्या नावाने, माझ्या शेवटासह छापायला गेले आहे.

धवलचा फोन आला. “आई, थोडं थांबली असतीस.”

“कधीपर्यंत?” मी विचारले.

त्याला कोर्टात जायचे असेल, तर खुशाल जावे. शपथेवर ‘असे पत्र नव्हते’ म्हणावे लागेल. तेवढे खोटे त्याला बोलवेल, असे मला अजून वाटत नाही.

कलम ६. माझ्या निधनाच्या बातमीत ‘प्रा. टिपणीस यांच्या पत्नी’ असे छापू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करत आहे.

स्नेहलता टिपणीस
बडोदे, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: डॉ. हेरंब दिघे. बाईंना तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: कमला प्रधान, वय एक्क्याऐंशी, निवृत्त टायपिस्ट, सयाजीगंज. सही माझ्यासमोर झाली. आणखी एक लिहिते. ही कादंबरी १९८७ साली मीच टाइप केली. बाई शेजारी बसून वाक्ये सांगत, मधेच थांबवून बदलत. प्रोफेसरसाहेब एकदाच आले, नवे शेवटचे प्रकरण घेऊन. तेही मीच टाइप केले. मला तेव्हाच सगळे कळले होते. कुणी विचारले नाही, म्हणून मी बोलले नाही.