माझ्या तळपायाखालचं जपान

सोमवार, ५ जानेवारी. दुपारी अडीच.
आजपासून वही. बोलते मी, लिहिते कांता. कांता म्हणजे शेजारची. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिली, माझ्या एकटीचं लिहायले तिले काय जड. मी बोलते ते ती थोडं धुवून लिहिते, पण मळ पूर्ण निघत नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही, अन् मले वाचता येत नाही. म्हणजे पक्कं काम.

कारण असं. सकाळी सव्वाआठले दोन्ही तळपायांत मुंग्या आल्या. सून दिपाली शाळेत सायन्स शिकवते. चहा पिता पिता मोबाईल पाहून म्हणे, जपानात भूकंप झाला, आठ वाजून पाच मिनिटांनी. मी म्हटलं, मले माहीत आहे. ती हसली. हसू दे.

शुगरचा डॉक्टर म्हणतो मुंग्या शुगरच्या. शुगर तर मले बारा वर्षांपासून आहे. जपान काय बारा वर्षांपासून हलून राहिलं का? दिपाली म्हणे, हो.

मंगळवार, ६ जानेवारी.
माझ्या पायांचा इतिहास लिहून ठेव, म्हटलं.

इथं कॅम्प-१ वस्तीत घर घ्यायच्या आधी अठ्ठावीस वर्षं चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत काढली. माझ्या पोराचे, धनंजयचे बाबा यार्डात पॉइंटमन, गाड्यांचे रूळ बदलणारे. ओट्यापुढं अनवाणी उभी राहिली की फरशीतून समजायचं, भरलेली मालगाडी, रिकामी मालगाडी, का दुर्गची लोकल. आवाज मागून यायचा. संध्याकाळची भरलेली मालगाडी आली की त्यांच्या सुट्टीले अर्धा तास, मग मी कणीक मळायले घ्यायची. एकदाही त्यांच्या ताटात थंडी पोळी पडली नाही. कॉलनीतल्या बाया मले विचारून भात टाकायच्या.

असे पाय शुगरनं खराब होतात का? कांता म्हणे, होतात. कांताले लिहायले ठेवलं आहे, बोलायले नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी.
आज दिपालीनं भूकंपाचा धडा समजावून सांगितला. जमिनीत खोल कुठंतरी खडक सरकतो, तिथं जोर सुटतो अन् लाटेनं चालत येतो. जपानची माती इथं येत नाही, जपानचा दगड येत नाही. जोर येतो.

मी म्हटलं, हे तू मले सांगून राहिली? यार्डात इंजिन येऊन पहिल्या डब्याले भिडलं की धाड धाड धाड करत धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो. डबे हातभर हलतात अन् जागच्या जागी. धक्का मात्र पार पोचतो. दिपालीनं ते पुस्तकाच्या कडेले लिहून घेतलं. मग म्हणे, आई, हेच मी उद्या आठवीले सांगते. माझं नाव सांगणार का, ते विचारायचं राहिलं.

ही पहिली लाट. ढकलत ढकलत येते, सगळ्यात जलद. दुसरी मागून येते, आडवी हलत. ओली साडी दोघींनी धरून झटकली की लहर कशी या टोकाहून त्या टोकाले जाते, तशी. साडी आपल्याच हातात राहते. ही दुसरी लाट पातळ वस्तूतून जात नाही. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड आहे, तिथं ती अडते. माझा धनंजय स्टील प्लांटात आहे. वितळलेलं लोखंड ऐकून तो जेवता जेवता म्हणे, तिथं कोणाची शिफ्ट आहे?

दोन लाटांमध्ये किती वेळ गेला, त्यावरून मशीनवाले भूकंपाचं अंतर काढतात. माझंही तसंच आहे. आधी मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो. मुंग्या पहिली लाट, बधिर दुसरी. आज दोन्हींत पाऊण तास गेला. दिपालीनं हिशेब केला अन् म्हणे, आई, एवढी मोठी पृथ्वीच नाही. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात नसेल.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.
दिपालीचं हळदीकुंकू. घरभर बाया, तिळगूळ. दोघीतिघींच्या बांगड्या फुटल्या, इतकी दाटी.

दहा दिवसांत मुंग्या अकरा वेळा, अन् अकराही वेळा कुठं ना कुठं भूकंप निघाला. एक तिळाएवढ्या बेटावर, कांताले नाव लिहिता आलं नाही. दिपाली म्हणे, आई, जगात रोज कितीतरी छोटे भूकंप होतात, केव्हाही पाहा, एक सापडतोच. म्हणजे माझे पाय कधीच खोटे पडणार नाहीत. हे तिनंच कबूल केलं.

ठरलं. दोन फेब्रुवारीले वही पूर्ण करायची. मग दिपालीनं फोटो काढून भूकंपवाल्या सरकारी ऑफिसात पाठवायचे. मशीन ठेवायले त्यांना शांत जागा लागते म्हणे. माझे पाय दिवसभर खाटेजवळच असतात. याहून शांत काय?

शनिवार, १७ जानेवारी.
सकाळी दिपाली झाडू घेऊन उभीच राहिली. फरशीवर लाल ठिपके, ओट्यापासून माझ्या खाटेपर्यंत. मी म्हटलं, संक्रांतीचं कुंकू सांडलं असेल, पुसून टाक. तिनं माझा पाय उचलला. टाचेत हिरव्या बांगडीची काच. तीन दिवस मी तिच्यावर चालून राहिली होती.

काच काढताना तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या नाही. मले दुखलंच नाही.

खुलासा लिहून ठेव. ज्या पायाले जपान ऐकायचं आहे, तो बारीकसारीक काचेकडं लक्ष देत नाही. कांताचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं, पण दाबून लिहिलं, मागच्या पानावर उमटलं आहे म्हणते.

सोमवार, १९ जानेवारी.
दिपालीनं पावर हाउसच्या बाजारात डॉक्टरकडं नेलं. त्यानं दोन दातांचा चमकता लोखंडी चिमटा काढला, हातावर आपटला अन् माझ्या अंगठ्याले टेकवला. विचारलं, झणझण समजते का? मी म्हटलं, हो. त्यानं आपटलेला मी पाहिलाच होता.

मग म्हणे, डोळे मिटा. आता? हो. आता? हो, चांगलं समजते. तो म्हणे, माताजी, अजून लावलाच नाही.

मग कोपरावर लावला. घूं करून दातापर्यंत गेलं.

त्याचा निकाल असा. पायाच्या नसा गेल्या. घरातही चप्पल घालायची, रोज संध्याकाळी घरच्यांनी तळवे पाहायचे. टाचेची जखम भरली नाही तर पाय कापायची पाळी येऊ शकते. दिपालीनं विचारलं, कुठपर्यंत? त्यानं आपल्याच पायावर गुडघ्याखाली हात ठेवून दाखवला.

माझा निकाल असा. म्हातारपणी जवळचं दिसत नाही अन् लांबचं दिसते, तसंच पायांचं झालं आहे. डॉक्टरचा चिमटा फार जवळ होता.

गुरुवार, २२ जानेवारी.
धनंजयनं चपला आणल्या. काळ्या, मऊ, मागून पट्टा. अस्वलाचे पंजे. मी घातल्या तर पायात जपान तर सोडा, पावर हाउसही येणार नाही. रबर लाट खाते.

निश्चय. दिपाली शाळेत जाईपर्यंत घालायच्या, मग काढायच्या. दुपारी पायांवर गोधडी घेऊन बसली. कांतानं गोधडी उचलून पाहिलं. म्हणे, मथुरा, तुझे पाय कापले तर मी वहीत काय लिहू, गुडघ्यात मुंग्या आल्या? अन् पेन घेऊन गेली. हे चार शब्द दिपालीकडून लिहून घेतले, तिनं काही धुतलं नाही.

सोमवार, २६ जानेवारी.
कांता आली. तडजोड अशी, ती लिहीत असेपर्यंत चपला पायात. जखम तेवढीच आहे. वाढली नाही, असं मी म्हणते. भरली नाही, असं दिपाली म्हणते. दोन्ही एकच.

मुंग्या कमी झाल्या आहेत. जग शांत होऊन राहिलं असेल.

बुधवार, २८ जानेवारी.
धनंजयच्या बाबांना जाऊन चार वर्षं झाली. ताट काढलं, गाईले घास दिला. धनंजय फोटोपुढं बसून रडला, एवढा मोठा माणूस.

मी नाही. त्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, धीराची बाई. मी आज फरशीवर पाय टेकून बराच वेळ बसली, येते का काही ते पाहिलं. कांतानं विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, काही नाही, असं लिही.

सोमवार, २ फेब्रुवारी. दुपारचं संध्याकाळी लिहिलं.
आज वही पाठवायची होती. पावणेतीनले मी बसली, चपला बाजूले, दोन्ही तळवे फरशीवर. शेवटची नोंद आहे म्हणून कांतानं तेवढं चालू दिलं. मी म्हटलं, लिही, आज सगळीकडं शांत. तिनं 'शांत' लिहिलं अन् पेन टाकून पळाली.

मले वाटलं, गॅसवर दूध ठेवून आली असेल. मांडणीवरचे डबे वाजून राहिले होते. मी म्हटलं, मांजर. पंख्याकडंही पाहिलं. बंद पंखा झुलत होता.

वहीचे फोटो काढायले दिपालीनं आज सुट्टी घेतली होती, ती आतून आली अन् दंडाले धरून मले बाहेर नेलं. सगळी गल्ली बाहेर. कोणी म्हणे दहा सेकंद, कोणी म्हणे वीस. कोपऱ्यावरचे मारोतराव, ज्यांना हाक मारली तरी समजत नाही, तेही म्हणे, खुर्ची हलली. माझ्या पायांची बातमी गल्लीभर होतीच. एकीनं विचारलं, आजी, तुले तर आधीच समजलं असेल? मी म्हटलं, समजलं ना, म्हणून तर बसून होती. मले वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही.

घरात आल्यावर दिपालीनं मले खाटेवर बसवलं, कांता दारातच थांबली. मी म्हटलं, "दिपाली, मले नाही समजलं."

ती म्हणे, "हो, आई."

"काहीच नाही समजलं व."

ती खाली बसली. माझा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, जखम पाहिली, अन् मग दोन्ही हातांनी पाय धरून तशीच बसून राहिली. किती घट्ट धरला होता, ते मले तिच्या बोटांकडं पाहून समजलं.