एकीपुरतं

मुलुंड (पूर्व),
१० नोव्हेंबर २०२४

चि. क्षमा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

स्वतःच्या बाळंतपणाचा स्वयंपाक स्वतःच करून ठेवावा लागणाऱ्या या शहरातल्या तमाम बायांनो, आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्यासाठी चुलीपुढे उभं राहणारं माणूस उरलेलं नाही.

तुझं पत्र वाचल्यावर हे वाक्य मी उभी राहून, मोठ्याने म्हटलं. ऐकायला घरात कोणी नव्हतं आणि माझं मलाही ऐकू आलं नाही. म्हणून लिहून पाठवते.

तू वेगळा फ्रीजर घेतलास आणि सव्वा महिन्याचं जेवण आधीच करून, गोठवून ठेवणार आहेस. का, ते मला कळतं. यज्ञेशची बोट फेब्रुवारीशिवाय परत येत नाही. तुझ्या सासूबाई रत्नागिरीला सासऱ्यांच्या आजारपणात अडकल्या आहेत. तुझी आई तू नऊ वर्षांची असताना गेली आणि माझा श्यामसुंदर, तुझा बाबा, त्यालाही जाऊन पाच वर्षं झाली. सगळं कळतं. पण क्षमे, बाळंतिणीला शिळं? तुझ्या वेळी तुझ्या आईला मी चाळीस दिवस दोन्ही वेळा ताजं करून वाढलं होतं, कॉलेजातली नोकरी सांभाळून. सकाळची भाजी संध्याकाळी तिच्या ताटात आली नाही. एखादी स्वयंपाकाची बाई बघ. बोरिवलीत बायांचा दुष्काळ नाही.

मीच आले असते. पण वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझी चार व्याख्यानं लागली आहेत आणि डावा गुडघा मधूनच संपावर जातो.

फोन करू नकोस. परवा केलास तेव्हा मला नुसती डब्यात अडकलेल्या माशीची गुणगुण ऐकू आली. मेसेजमध्ये तू तीन शब्द आणि एक पिवळं तोंड पाठवतेस, त्यावरून खुशाली कळत नाही. मुलुंडहून बोरिवलीला पत्र जायला चार दिवस लागतात. लागू देत.

लोभ आहेच, आणि तो मात्र ताजा आहे.

तुझी,
शर्मिष्ठा आत्या

*

बोरिवली (पश्चिम),
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझं भाषण पोचलं. टाळ्या मी वाजवल्या, पोटातल्याने लाथा मारल्या.

स्वयंपाकाची बाई मिळत नाही असं नाही गं. मिळतात. पण नवी बाई पहिल्या आठवड्यात येईल, दुसऱ्या आठवड्यात तिच्या घरी काहीतरी होईल आणि मी टाके सांभाळत दाराकडे बघत बसेन. फ्रीजर दांडी मारत नाही. केरलादीला येणारी सपना रोज झाकण उचलून आत बघते. काल म्हणाली की ताई, बाळ येणार आहे की दुष्काळ.

आता हात बसलाय. जेवण पूर्ण गार झाल्याशिवाय आत टाकायचं नाही, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं. बटाटा घालायचा नाही, त्याचा स्पंज होतो. हे मी दोन डबे फुकट घालवून शिकले. दुधी पाणचट होतो. मुगाची खिचडी, कुळथाचं कढण, शेपू घालून मुगाची डाळ, हे सगळं झकास राहतं. आदल्या संध्याकाळी डबा फ्रीजरमधून काढून साध्या फ्रीजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी गरम करायचा. दिवसाला एक डबा. संध्याकाळी पेज मी करीन, तेवढं जमेल. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि दिवसाचा आकडा. यादीची नक्कल सोबत पाठवते, म्हणजे तुला नावं ठेवायला सोपं जाईल.

राहिलं शिळं. तीस वर्षं तू व्यासपीठावरून सांगितलंस की बाईला चुलीपासून सोडवा. मी स्वतःला सहा आठवडे आधी सोडवून ठेवतेय, तर तुला शिळं आठवलं. शिळं म्हणजे उरलेलं, आत्या. हे मी मुद्दाम ठेवलेलं आहे.

एक सांगते. आमच्या मजल्यावरच्या जान्हवीला परवा तिचा भाऊ बाळंतपणासाठी न्यायला आला. तिच्या सासूने त्याला बसवलं, चहा दिला, जान्हवीची ओटी भरली. ती बॅग उचलायला गेली तर दोघं तिच्या अंगावर ओरडली. मी दारात उभी होते. मग दार लावून घेतलं.

माझ्या लग्नात तू हॉलमध्ये माइक घेऊन बोललीस ते मला पाठ आहे. आमची मुलगी काही पार्सल नाही, तिला न्यायला आणि पोचवायला कोणी येणार नाही, ती आपल्या पायांनी माहेरी येईल आणि आपल्या पायांनी जाईल. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या होत्या. नंतर सहा वर्षं प्रत्येक दिवाळीला मी माझी बॅग उचलून आपल्या पायांनी आले. असो.

व्याख्यानं चांगली होऊ देत. विषय काय आहेत ते कळव.

गुडघ्याला तेल आणि मला पत्र, दोन्ही चुकवू नकोस.

तुझी,
क्षमा

*

मुलुंड (पूर्व),
२४ नोव्हेंबर २०२४

चि. क्षमास अनेक आशीर्वाद.

व्याख्यानांचे विषय तू विचारलेस. विषय नाहीत, कारण व्याख्यानं नाहीत. मी तुला खोटं लिहिलं.

शेवटचं भाषण जूनमध्ये झालं. बोलले मी नेहमीसारखी. पुढच्या रांगेतल्या माना हलताना दिसत होत्या, म्हणजे बरं चाललं होतं. मग प्रश्न सुरू झाले. मागून एक मुलगी उठली, काहीतरी विचारून बसली. मला वाटलं, ती मुलींच्या शिक्षणाबद्दल विचारते आहे. मी दहा मिनिटं उत्तर दिलं, टेबलावर हात आपटून दिलं. कोणी हसलं नाही, कोणी टोकलं नाही. सगळे फार सभ्यपणे ऐकत होते. शेवटी आमच्या वाचनालयाच्या दत्तारामने माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. पंखा मोठा केला तर चालेल का, असं त्या मुलीने विचारलं होतं.

त्या दिवसानंतर मी व्यासपीठावर चढलेली नाही. कानातलं यंत्र आणलं होतं. त्याने माणसाचं बोलणं मोठं होत नाही, भांड्यांचा आवाज मोठा होतो. ते कपाटात आहे.

आता तुझ्या यादीबद्दल. नावं ठेवायला म्हणून वाचायला घेतली, तीनदा वाचली. दिवस पहिला, मुगाची खिचडी, एकीपुरतं. दिवस दुसरा, कढण, एकीपुरतं. चाळीस ओळी आणि चाळिसांपुढे तुझ्या त्या गोल अक्षरात एकीपुरतं. प्रमाण कळावं म्हणून तू ते लिहिलं असशील. मला मात्र पुढे वाचवेना. सबंध आयुष्य मी बाईच्या एकटीने उभं राहण्यावर बोलले. एकटीने चाळीस दिवस जेवण्यावर कधी बोलले नाही. तो मुद्दा माझ्या टिपणांतून सुटला.

जान्हवीच्या भावाचं वाचलं. तू दिवाळीला दारात उभी राहायचीस तेव्हा मला अभिमान वाटायचा की बघा, आमची आली आपली आपण. तुझ्या हाताला बॅगेचा वळ असायचा, तो दिसत असूनही मी बघितला नाही.

गुडघाही निमित्तच. खरं ते सांगते. गेल्या महिन्यात तीनदा माझा कुकर कोरडा पडेपर्यंत शिट्ट्या देत राहिला. शेजारीण दार वाजवत होती म्हणे, तेही ऐकू आलं नाही, शेवटी तिने गॅलरीतल्या खिडकीतून काठी आत घालून मला ढोसलं. जिला कुकर ऐकू येत नाही तिला मूल रडलेलं कसं ऐकू येईल? तू थकून झोपलेली असशील, ते पाळण्यात लालबुंद होऊन ओरडत असेल आणि मी शेजारी बसून पुस्तक वाचत असेन. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून मी येत नाही. तुझ्या फ्रीजरवर रागावणं सोपं होतं.

पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. लोभ कमी करू नकोस.

शर्मिष्ठा आत्या

*

बोरिवली (पश्चिम),
२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

पत्र फाडलं नाही. पंख्याच्या ठिकाणी मी हसले आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

चाळिसावा डबा काल आत गेला. झाकण लावलं आणि हात पुसले. आता करायला काही उरलेलं नाही, हे लक्षात आलं तेव्हा घर एकदम मोठं वाटायला लागलं. गेले तीन आठवडे मी कशापासून पळत होते ते तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी अठ्ठावीस तारीख दिलीय. हॉस्पिटलचा फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, रक्तगट, सगळं भरलं. एक रकाना आहे, सोबत राहणाऱ्या व्यक्तीचं नाव. तो रिकामा ठेवून फॉर्म परत द्यायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, हा भरल्याशिवाय घेता येणार नाही. मी म्हटलं, नंतर देते. फॉर्म अजून पर्समध्ये आहे.

यज्ञेशला यातलं काही सांगितलेलं नाही. तो समुद्रात बसून काय करणार. सगळी तयारी झकास आहे असं त्याला सांगितलंय, आणि तो म्हणाला की तू ग्रेट आहेस. ग्रेट असण्याचा मला कंटाळा आलाय, आत्या.

तर आता माझं भाषण ऐक. म्हणजे वाच.

रडणं ऐकायला मी आहे. माझे कान चांगले आहेत आणि आईला मूल रडलेलं झोपेतही कळतं, असं तूच कुठल्यातरी पुस्तकातलं मला वाचून दाखवलं होतंस. कुकरच्या शिट्ट्या मी मोजीन, तुला बोटं दाखवीन, तू गॅस बंद कर. मला ऐकणारं माणूस नकोय. जेवताना समोर बसणारं हवंय. मीठ कमी आहे असं तोंडावर सांगणारं हवंय. त्याला कान लागत नाहीत.

आणि मी आपल्या पायांनी येणार नाही. या वेळी नाही. मी पार्सल नाही हे मला आणि त्या हॉलमधल्या सगळ्यांना कळलेलं आहे, ते सिद्ध करायचं राहिलेलं नाही. तरी मला कोणीतरी न्यायला आलेलं हवंय. दारात चपला काढून, आमच्या मुलीला न्यायला आले आहे, असं म्हणायला. सासूबाई नाहीत, तर मी सपनाला सांगेन, ती तुला चहा देईल.

मागितल्याशिवाय मिळत नाही असं तू शिकवलंस. मागितलं.

तुझी,
क्षमा

*

मुलुंड (पूर्व),
९ डिसेंबर २०२४

चि. क्षमास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं भाषण वाचलं. मुद्देसूद होतं, घसा न ताणता केलेलं होतं. मला तसं कधी जमलं नाही.

तुला न्यायला येते आहे. मात्र न्यायचं कुठे, हा प्रश्न आहे. माझ्याकडे लिफ्ट नाही, तीन जिने आहेत, आणि माझ्या जुन्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तुझे दोन डबेसुद्धा मावणार नाहीत. तेव्हा असं ठरवलं आहे. मी येईन, दारात चपला काढीन, आमच्या मुलीला न्यायला आले आहे असं सपनाला सांगेन, चहा घेईन, आणि मग तिथेच राहीन. तुझ्या हाताला बॅग लागणार नाही. उचलायची असेल ती माझी मी उचलीन. रीत पाळली की मोडली यावर पुढे कधीतरी परिसंवाद घेऊ.

कानातलं यंत्र कपाटातून काढलं आहे. भांडी तर भांडी. त्यात मूलही थोडं ऐकू येईल. नाहीच आलं तर पाळणा माझ्या खाटेला असा लावू की ते हललं की मला कळेल. फॉर्म पर्समध्येच ठेव. त्या रकान्यात माझं नाव मी येऊन लिहीन, माझं अक्षर तुझ्याहून बरं आहे.

चौथ्या दिवशीच्या खिचडीत तू लसूण लिहिलेली नाहीस. आल्यावर बोलू.

येत्या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या बसने निघते. जेवायला तिथे आहे. शिळ्याबद्दल जे बोलले ते मागे घेते, पण खाऊन बघितल्यावरच.

या वेळी तुझ्याकडे एकच मागणं आहे आणि ते विसरायचं नाही. शनिवारी संध्याकाळी फ्रीजरचं झाकण उघड, आणि दोन डबे काढून फ्रीजमध्ये ठेव.

शर्मिष्ठा आत्या