घाईने कापलेला जॉब

ती. बाबा,
दमलेल्या हातांनी नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखवा.

आमचं मशीन धातूची भुकटी लेझरने वितळवून, थरावर थर चढवत सुटा भाग, तुमच्या भाषेत जॉब, बनवतं. या जॉबला चाळीस तास लागले. सरांना दाखवायच्या घाईत मी तो भट्टीत न तापवताच खालच्या प्लेटवरून कापला, आणि तो डोळ्यांदेखत केळ्यासारखा वाकला.

तुम्ही लेथवर पहिला रफ कट मारून जॉब दोन दिवस तसाच ठेवायचात. "त्याचा ताण जाऊ दे, मग हात लाव." मी हसायचे.

तुमचा हात अजून थरथरतो का? खरं सांगा.

सुट्टीत आले की दोन दिवस मला काही विचारू नका, बाबा. नुसतं पडू द्या.

तुमची धाकटी