औटकी आणि रेडियन

रवि. ५ नोव्हें. २००६, अवोन्डेल

आणि दादाचं पुन्हा तेच! ‘सुन्या, नववीतून पळालेल्याने कॅल्क्युलसच्या नादी लागू नये. पत्रे ठोक, सुखात राहा.’ चुलतभाऊ आहे, त्याने इथं परदेशात आणलं, त्याच्या घरात राहतो, सगळं कबूल. म्हणून काय जन्मभर छपरावरच? संध्याकाळचा कोर्स मी माझ्या पैशाने केला. आता दोन पेपर राहिले. १६ ला बिगर कॅल्क्युलेटरचा, १७ ला कॅल्क्युलेटरचा. दोन्ही सुटले तर फेब्रु.त सिव्हिल डिप्लोमा. एक जरी उडाला तरी पत्रे.

मंगळ. ७

वहिनी फार्मसीतून दमून आल्या, तरी शिकवायला बसल्या. गणित शेवटी १८ गुणिले साडेतीनवर आलं. पेन टेकवायच्या आत म्हटलं, त्रेसष्ट! त्यांनी मशीनवर दाबून बघितलं. त्रेसष्टच!

‘हे कुठं शिकलात, भावजी?’

भुसार दुकानात. मालक पोती तोलता तोलता औटकी म्हणून घ्यायचे, साडेतीनचा पाढा. चुकलं की टपली.

‘छान. आणि पायऱ्या कुठायत?’

‘डोक्यात.’

‘मग पेपर तपासणाऱ्याला तिथंच बोलवा चहाला.’

मार्क पायऱ्यांना म्हणे. बरोबर ते बरोबर ना? पण लिहितोय. हात दुखला.

शुक्र. १०

फ्लॅट बुश भागात एका नव्या घराचं छप्पर. पत्रा धरून वर उभा होतो आणि एकदम डोक्यात उजेड! डेरिव्हेटिव्ह म्हणजे उतार. सरळ छपराला सगळीकडे एकच. वाकड्या रेघेला पावलागणिक वेगळा. एवढंच! एवढ्यासाठी तीन आठवडे डोकं फोडलं! वरूनच ओरडलो. खालून बॉस : ‘यू ऑलराइट, मेट?’ म्हटलं, स्वीट ॲज! म्हणजे इथल्या बोलीत, एकदम मस्त.

रवि. १२

कॅल्क्युलेटरची गणितं. साइन-कोसाइनची सहाच्या सहा चूक. दादा खूश. ‘कागदावर वाघ, मशीनपुढे मेंढरू.’

वहिनींनी मशीन हातात घेतलं नि हसायलाच लागल्या. मशीन कोन डिग्रीत मोजत होतं. या विषयात रेडियन लागतं, ते दुसरं माप. कोपऱ्यात बारीक D होता, त्याचा R करून दिला. ‘आता याला हात लावू नका.’

कशाला लावतोय!

गुरु. १६

पहिला पेपर झक्कास!! सगळ्या पायऱ्या लिहिल्या, नको तिथंसुद्धा. शेजारचा बोटं मोजत होता. घरी येताना बस सोडून चालतच आलो, बसवेना.

शुक्र. १७

आधी लिहून टाकतो, नाहीतर झोप यायची नाही.

दारातच परीक्षेवरच्या बाईंनी प्रत्येकाचं मशीन घेऊन रिसेट केलं, आत कुणी काही साठवून आणू नये म्हणून. मी आपला ‘थँक यू’ म्हणालो. चौथ्या गणितात रेघ काढली. सुरुवातीला उतार पाच, पुढे सपाट होत गेलेली. आणि मशीन म्हणतं, इथं उतार ४.९९. कसं शक्य आहे? पुढे चढ कमी झालेला डोळ्याला दिसतोय! छपरावरचा माणूस आहे मी. कोपऱ्यात बघितलं. D.

रिसेटमध्ये गेला माझा R. बटणं आठवेनात. वहिनींनी काय दाबलं होतं... सापडलं! दोन पूर्णांक सात दशांश. हां, असा पाहिजे उतार!

पण दुसरं नि तिसरं गणितही त्या D मध्येच केलेलं. नऊ मिनिटं उरली होती. तिसरं पूर्ण नव्याने केलं. दुसऱ्याच्या पायऱ्या बरोबर आहेत, उत्तर मात्र चूकच राहिलं. घरी येऊन विचारलं, पायऱ्यांना मार्क असतात ना, वहिनी? त्या म्हणाल्या, ‘असतात. किती, ते नाही सांगता येत.’

आज दादा स्वतः उठला. मला चहा करून दिला.

शनि. २५

निकाल जानेवारीत. डिप्लोमाची जागा राखायची तर पैसे याच महिन्यात भरायचे. नापास झालो तर ते परत नाहीत. दादा म्हणाला, ‘आधी पास हो, मग भर.’ तोवर जागा राहील होय? काल जाऊन भरून आलो, अडीचशे. पावतीवर माझं नाव छापलंय, पूर्ण.

आईला फोन. पैसे भरल्याचं सांगितलं.

‘आणि नापास झालास तर?’

‘पुन्हा बसेन.’

‘बस बाबा. शाळेत असताना कधी बसला नाहीस.’ हसली. मग म्हणाली, या महिन्यात आमचं भागेल.

म्हणून यावेळी घरी नेहमीचे चारशे नाहीत. दीडशे डॉलर पाठवतोय.